हायब्रिड गाडी घेताना कंपनीचा शब्द कसा पारखावा

इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीचे 'हायब्रिड' हे एकच नाव माइल्ड आणि स्ट्राँग अशा दोन वेगळ्या यंत्रणांना दिले जाते आणि ग्राहकाच्या विश्वासाला तिथेच तडा जातो, म्हणून गाडी केवळ मोटरवर चालते का, हे शोरूममध्ये आधी विचारावे. माइल्ड हायब्रिड तशी चालत नाही, स्ट्राँग हायब्रिड चालते. चाचणीसाठी गाडी ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, संध्याकाळच्या कोंडीतच न्यावी. स्ट्राँग हायब्रिडचे इंजिन तिथे वारंवार आपोआप थांबते, आणि त्याच रस्त्यावरचा गायमुखचा उतार उतरताना ब्रेकवर पाय ठेवताच ऊर्जा चाकांकडून बॅटरीकडे जाताना पडद्यावर दिसते. टोयोटा हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडचे प्रमाणित मायलेज लिटरला २७.९७ किलोमीटर आहे, पण तो चाचणीतला आकडा. आपला आकडा टाकी काठोकाठ भरून स्वतः काढावा. बॅटरीची हमी मात्र, माझ्या मते हेच सर्वांत महत्त्वाचे, वर्षे आणि किलोमीटर यांसह लेखीच घ्यावी.