धरणाच्या फुगवट्यावर होड्यांची शर्यत ठेवायची तर

मराठवाड्याला समुद्र नाही, बंदर नाही. पण धरणांचे फुगवटे आहेत आणि त्यांवर पोट भरणारी माणसं आहेत. नाथसागर, माजलगाव, मांजरा, येलदरी, विष्णुपुरी, निम्न तेरणा, कुठेही जा, काठाला होड्या आणि चप्पू, म्हणजे थर्माकोलच्या ठोकळ्यांचे तराफे, लागलेले दिसतात. जत्रेत शंकरपट होतो, कुस्त्यांचा फड भरतो. ज्यांचं सगळं आयुष्य वल्हं मारण्यात गेलं, त्यांचं कसब मात्र कुणी चार माणसांत बघत नाही. ज्या मुलखात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं धरण भरल्यावर पाण्याचा उत्सव व्हायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. कुठल्याही गावानं होड्यांची शर्यत मनावर घेतली, तर तयारी कुठून धरायची आणि कशाला किती जपायचं, ते इथं सांगतो.

पहिली बैठक ग्रामपंचायतीत घेऊ नका. काठावर, जिथं जाळी वाळत घालतात, तिथं घ्या. पाणी कुठं किती खोल आहे, वारा किती वाजता सुटतो, बुडालेल्या जुन्या गावाची विहीर नेमकी कुठं आहे, हे भोयांना जितकं माहीत असतं तितकं कुणाच्या नकाशात नसतं. शर्यतीचा प्रमुख पंच त्यांच्यातलाच एखादा वयस्क, सगळे ज्याचं ऐकतात असा माणूस असावा. वारा वाढला म्हणून तो ‘आज नाही’ म्हणाला, तर आमदार मंचावर बसलेले असले तरी शर्यत होणार नाही, हे त्याच बैठकीत सगळ्यांसमोर ठरवून घ्या. नंतर हे ठरत नाही.

तारीख दसरा आणि दिवाळी यांच्यामधली बरी. तोवर धरण भरलेलं असतं आणि सोयाबीनची काढणी बऱ्यापैकी उरकलेली असते. दिवाळीच्या पुढं गेलात तर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांना निघून जातात आणि गावात म्हातारी माणसं न् पोरं तेवढी राहतात. परतीच्या पावसासाठी एक राखीव दिवस आधीच जाहीर करून ठेवा. धरणाचे दरवाजे उघडे असतील, वरून पाण्याची आवक सुरू असेल, तर त्या दिवशी पाण्यात उतरायचंच नाही.

कागदपत्रांना निदान महिनाभर हाती ठेवा. तलाव मोठा असेल तर जलसंपदा विभागाचं उपविभागीय कार्यालय, छोटा असेल तर जिल्हा परिषदेचं लघुपाटबंधारे, तलाव ज्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे ठेक्यानं असेल तिचं संमतिपत्र, तहसीलदार, पोलीस ठाणं आणि भोंग्याची परवानगी. प्रत्येक अर्ज दोन प्रतींत द्या आणि एकीवर पोहोच घेऊनच परत या. पाटबंधारे खात्याला एक प्रश्न न विसरता विचारा: त्या आठवड्यात कालव्याला आवर्तन सुटणार आहे का? पाणी सोडलं की पातळी उतरते आणि आठ दिवसांपूर्वी आखलेल्या मार्गात चिखल वर येतो. नाथसागरावरच्या गावांची गोष्ट जरा वेगळी आहे. तिथं १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्याच्या तोंडावर पाहुणे पक्षी उतरू लागतात, म्हणून वनविभागाला विचारल्याशिवाय एक पाऊल टाकू नका. इंजिनांचा गोंगाट आणि फटाके तिथं नकोतच. माझं मत विचाराल तर फटाके कुठल्याच पाण्याकाठी नकोत.

आता मार्ग. इथं घाई कराल तर सगळं फसेल. धरणाची भिंत, दरवाजे, सांडवा आणि पाणी उपसणाऱ्या जॅकवेलचा परिसर सोडून, उथळ आणि मोकळी जागा निवडा. दोनशे मीटर जाऊन वळसा घालून परत, एवढं अंतर पुरे. शेवट काठाजवळ होतो, त्यामुळे लोकांना चुरस दिसते आणि दमलेला नावाडी खोल पाण्यात अडकत नाही. फुगवट्याच्या पाण्याखाली येड्या बाभळीचे खोड-बुंधे असतात, जुने बांध असतात, पडक्या भिंती असतात. एका होडीत दोघं बसून, लांब बांबूनं सगळा मार्ग चाचपून काढा; जिथं बांबू अडकेल तिथं लाल फडकं बांधलेला कॅन सोडा. विहिरीची जागा तर चारी बाजूंनी कॅन लावून बंदच करा. जलपर्णी, टाकाऊ जाळी, गळाच्या दोऱ्या आदल्या दिवशी ओढून काढा. वळणाच्या खुणेसाठी रिकामे पंधरा-वीस लिटरचे कॅन चालतात. खाली जड दगड बांधा, दोर खोलीपेक्षा थोडाच जास्त ठेवा. फार सैल सोडला तर कॅन वाऱ्यानं भटकतो आणि दोर वल्ह्यात गुंततो. दोन नावांच्या मध्ये वल्हं पूर्ण फिरेल एवढं अंतर हवं. पाणी सकाळी शांत असतं, दुपारनंतर लाटा येतात. म्हणून पहिली फेरी ऊन कोवळं असतानाच सुरू करा आणि मंचावरचे सत्कार दुपारवर ढकला.

बचावाची तयारी पुरी नसेल तर बाकी सगळी यादी फाडून टाका. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो. भोयाचं पोरगं म्हणेल, ‘मला कशाला, मी पाण्यातच वाढलोय.’ त्याला पंचानंच सांगावं, जॅकेट नाही तर शर्यत नाही. जॅकेटं भाड्यानं आणली तर दोन दिवस आधी आणा, प्रत्येकाचे पट्टे ओढून बघा, घालून पाण्यात उतरून बघा. ढिलं जॅकेट अंगातून वर निघून जातं आणि माणूस खालीच राहतो. लहानांसाठी वेगळ्या मापाची हवीत. तीन-चार स्पर्धक नावांमागे एक रिकामी बचाव नाव ठेवा. तिच्यात एक वल्हवणारा, एक पोहणारा, दोर बांधलेलं रबरी कडं आणि एक धारदार विळा. या नावेत पाहुणे, छायाचित्रकार, अध्यक्षांचा नातू, कुणीही बसणार नाही. इंजिनाची बोट मिळाली तर उत्तमच, मात्र पाण्यातल्या माणसाजवळ जाताना इंजिन बंद करायचं. छोट्या होडीत माणसाला बाजूनं वर ओढलं तर होडीच कलंडते. त्याला मागच्या टोकाकडून घ्यायचं. याचा सराव आदल्या दिवशी खरोखर एकाला पाण्यात उतरवून करून बघा.

बुडणारा माणूस ओरडत नाही, हे काठावर उभ्या प्रत्येक स्वयंसेवकाला सांगा. त्याला श्वास पुरत नसतो, तर हाक कुठून मारणार? तोंड पाण्याच्या रेषेत वर-खाली होतंय आणि तो काठाकडं सरकत नाही, एवढीच खूण असते. म्हणून काठावर उंच जागी दोघं जण फक्त पाण्याकडं बघायला ठेवा, त्यांच्या हातात मोबाइल नको. बाहेर काढलेल्याचा श्वास थांबला असेल, तर पोट दाबून पाणी काढणं, उलटं टांगणं, गरगर फिरवणं यात वेळ घालवू नये. आधी तोंडानं पाच श्वास, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, मदत येईपर्यंत हेच चालू ठेवायचं. ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांना विनंती करून गावातल्या पोरांना हे आधी शिकवून घ्या. १०८ ची रुग्णवाहिका काठापर्यंत येईल असा रस्ता मोकळा ठेवा आणि त्या रस्त्यावर एकही दुचाकी उभी राहू देऊ नका. शिवाय एक फळी उभी करा, तिच्यावर खिळे ठोका, प्रत्येक स्पर्धकाच्या क्रमांकाचा बिल्ला तिथं टांगा. पाण्यात जाताना बिल्ला गळ्यात, परत आल्यावर खिळ्यावर. एक खिळा रिकामा दिसला तर पुढची फेरी थांबते.

शर्यतीचे प्रकार ठरवताना मला जगातल्या बंदरांकडून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. तिथल्या उत्सवांत टग बोटींचा मान मोठा असतो. टग म्हणजे महाकाय जहाजांना ओढून-ढकलून धक्क्याला लावणारी बुटकी, ताकदवान बोट. ११८९ सालच्या सनदेची आठवण म्हणून हॅम्बुर्ग मे महिन्यात आपल्या बंदराचा वाढदिवस साजरा करतं; तिथं एल्बे नदीत टग संगीतावर गिरक्या घेतात. अमेरिकेत सप्टेंबरच्या सुरुवातीला, कामगार दिनाच्या सुटीत, न्यूयॉर्कला हडसन नदीवर त्यांची शर्यत लागते आणि त्यानंतर दोन टग नाकाला नाक लावून एकमेकींना रेटतात. धक्क्यावरच्या खुंटावर दोराचा फास फेकायची स्पर्धाही तिथं असते. त्याच सुटीत वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपियाला जुन्या टग लोकांना आतून बघायला मिळतात. टगचं मोल वेगावर ठरत नाही, ती किती टन ओढते यावर ठरतं. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात ४०० मीटर लांबीचं ‘एव्हर गिव्हन’ आडवं अडकलं, तेव्हा एकीकडं वाळू उपसत आणि दुसरीकडं टग लावूनच ते सहा दिवसांनी सुटलं.

आपल्याकडं इंजिनं नसली तरी ओढण्याचं काम आहेच. जाळ्यांनी भरलेला चप्पू होडीमागं बांधून आणणं हे रोजचं आहे. म्हणून सरळ शर्यतीसोबत ‘ओढ’ नावाची एक फेरी ठेवा. प्रत्येक होडीमागं एकसारख्या वाळूच्या गोण्या लादलेला चप्पू, मध्ये दहा मीटर दोर. दोर आधी हळूहळू ताणून घ्यायचा, मग जोर लावायचा. हिसका दिला तर दोर तुटतो आणि ताणलेला नायलॉन उलटून अंगावर येतो, त्यामुळे दोराच्या रेषेत कुणी बसायचं नाही. ओढदोर आडवा ताणला गेला तर भलीभली टगसुद्धा कुशीवर उलटते, म्हणून टगच्या हुकाला भार असतानाच दोर सोडून द्यायची सोय असते. होडीत तीच सोय गाठीनं करायची: निरगाठ मुळीच नको, एका ओढीत सुटणारी सुरगाठ हवी, आणि वर तो विळा हाताशी. दोर फेकायची स्पर्धाही जरूर ठेवा. काठाजवळ खुंट रोवा, होडीतून फास टाका, तीन संधी. म्हातारे नावाडी यात तरण्यांना सहज मागं टाकतात आणि बायकांनाही ही स्पर्धा सोपी जाते. नाकाला नाक लावून रेटायचा खेळ मात्र सोडून द्या. आपल्या होड्या अरुंद, कलंडणाऱ्या. चप्पूचा थर्माकोल फुटून त्याचा चुरा पाण्यावर पसरतो आणि तो माशांच्या, पाखरांच्या पोटात जातो.

लाकडी, पत्र्याची आणि फायबरची होडी एका रांगेत उभी करू नका, आणि चप्पूंचा गट वेगळाच ठेवा. जागा चिठ्ठ्या टाकून द्या. अंतिम फेरीत होड्यांची अदलाबदल करून दोनदा वल्हवायला लावा, म्हणजे हरणाऱ्याला होडीला दोष देता येत नाही. प्रत्येक होडी आदल्या संध्याकाळी पाण्यात सोडून सकाळी बघा, पाणी आत आलेलं दिसेल तिथं डांबर लावा. चप्पूचे ठोकळे पोत्यात किंवा ताडपत्रीत नीट शिवलेले असावेत. प्यायलेल्याला काठावरूनच परत पाठवा, मग तो गेल्या वर्षीचा विजेता का असेना.

काठाची काळी माती ओली असली की पाय धरत नाही. लोक उतरतील त्या वाटेवर मुरूम टाका, पाण्यापासून चार-पाच हात मागं दोर बांधा, पोरांना पुढं खाली बसवा. बायकांसाठी आडोशाची सोय, मंडप, पिण्याच्या पाण्याचे जार, मीठ-साखरेचं पाणी. ऑक्टोबरचं ऊन वल्हवणाऱ्याला पटकन लागतं. गाड्या लावायला कापणी झालेलं शेत मालकाला विचारून घ्या आणि नंतर त्याचा बांध सरळ करून द्या. जेवणासाठी पिठलं-भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी एका बाजूला. मरळ आणि रोहूचा रस्सा दुसऱ्या बाजूला, चुली आणि भांडी वेगळी. गावात माळकरी मंडळी असतात, त्यांना संकोच होता कामा नये. रश्श्याचं दुकान भोयांच्या बायकांनाच द्या, बाहेरचा केटरर नको. सुरुवातीची खूण हलगीनं द्यावी. तिचा ठोका पाण्यावरून लांब जातो आणि वल्ह्याला ताल मिळतो. भोंगा मात्र फेरी चालू असताना बंद, कारण बचाव नावेची हाक ऐकू यायला हवी.

बक्षीस म्हणून ढाली देऊ नका. जाळं, नवा दोर, लाइफ जॅकेट, वल्ह्यांची जोडी द्या. वर्षभर वापरात राहील. शेवटची फेरी चारच्या आत संपवा, कारण त्यानंतरही काम उरतं: सगळे कॅन, दगडाचे दोर, झेंड्यांच्या काड्या अंधार पडायच्या आत बाहेर काढायच्या, कारण राहिलेला दोर उद्या कुणाच्या तरी जाळ्यात किंवा पक्ष्याच्या पायात अडकणार. फळीवरचे बिल्ले मोजा, जॅकेटं मोजून वाळत घाला, पत्रावळ्या आणि ग्लास पोत्यात भरा. ज्यांनी दिवसभर बचाव नावा धरून ठेवल्या त्यांची त्या दिवसाची मासेमारी बुडालेली असते. त्यांची मजुरी आणि डिझेलचे पैसे त्याच संध्याकाळी, मंडपाचं बिल द्यायच्या आधी, हातात द्या.