मानेची गाठ: आधी जीभ बाहेर काढायला लावा

परभणीतल्या माझ्या ओपीडीत लेकराच्या मानेची गाठ दाखवायला आई येते, सोबत आजी. आजीचा पहिला प्रश्न ठरलेला: "डाग दिल्यावर जिरंल का?" नाही आजी, कातडी तेवढी भाजंल.

गाठ गळ्याच्या मधोमध असेल तर लेकराला घोटभर पाणी गिळायला लावा, मग जीभ बाहेर काढायला सांगा. दोन्ही वेळी गाठ वर सरकली तर ती बहुधा थायरोग्लॉसल सिस्ट, म्हणजे गर्भात थायरॉईड ग्रंथी जिभेपासून खाली उतरते त्या वाटेत उरलेली पाण्याची गाठ. (जीभ दाखवायला लेकरं एका पायावर तयार असतात.) मानेच्या बाजूला, कानामागून छातीकडं उतरणाऱ्या तिरक्या स्नायूच्या पुढच्या कडेला असेल तर ब्रँकियल सिस्टचा (हीही जन्मजात पाण्याची गाठ) संशय घ्यायचा. लिबलिबीत आणि अंधारात टॉर्च लावली की उजळणारी, ती बहुतेक सिस्टिक हायग्रोमा, म्हणजे लसिकावाहिन्यांची पाणी भरलेली गाठ. तिच्यामुळं श्वासाला घरघर लागली तर सकाळची वाट पाहू नका.

मधल्या गाठीत सोनोग्राफी हवीच. थायरॉईड जागेवर आहे ना, हे बघायचं असतं; क्वचित ती गाठ हीच लेकराची एकमेव थायरॉईड निघते. पिकली असेल तर आधी अँटिबायोटिक, ऑपरेशन मागाहून. त्यात हायॉइड या जिभेखालच्या हाडाचा मधला तुकडाही काढतात, सिस्ट्रंक नावाच्या सर्जननं १९२० साली सांगितलेली ही रीत. नुसती गाठ काढली तर ती पुन्हा उगवायची भीती बरीच.