गुडघा दुखत असेल तर मांडी खुब्यातून घाला

"टोंगळे (गुडघे) दुखतात? रोज वज्रासनात बस, मोकळे होतील." हा सल्ला खानदेशात घरोघरी फुकट मिळतो आणि देणारा बहुतेक वेळा स्वतः खुर्चीवर बसलेला असतो. वज्रासनात गुडघा पुरता दुमडतो, वर अंगाचा भार येतो. झिजलेल्या किंवा सुजलेल्या गुडघ्याला ते नकोच. जेवणानंतर पचनासाठी म्हणून तर मुळीच नको, त्यासाठी अंगणात चार फेऱ्या मारा.

गुडघ्याला सूज आहे, हात लावला की गरम लागतो, मध्येच अडकतो, चालताना दगा देतो, किंवा पडल्यापासून दुखतोय, तर आधी हाडांचे डॉक्टर. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. खुब्याच्या सांध्यातलं दुखणं कधी कधी गुडघ्यात जाणवतं. गुडघ्याचा एक्स-रे बरा आहे आणि दुखणं हटत नाही, तर खुबा तपासून घ्या. सांधा बदललेला असेल तर मांडी घालायची की नाही हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, मला नको.

सामान: दोन-तीन गोधड्या, दोन टॉवेल, एक जुना पंचा, न हलणारी खुर्ची. अंग मोकळं करायला उताणे पडा आणि एकेक पाय छातीकडे घ्या. हात गुडघ्यावर नाही, मांडीच्या मागे. झालं.

आता मांडी. मला स्वतःला ही जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण सगळे जण गुडघ्याकडे बघायला सांगत होते. गुडघा बिजागरीचा सांधा आहे. त्याचं काम दुमडणं आणि सरळ होणं. दुमडलेला असताना थोडासा वळतो, तेवढंच. खुबा उखळीचा सांधा, तो चहूकडे फिरतो. मांडी घालताना मांडीचं हाड खुब्यात बाहेरच्या बाजूला फिरायला हवं. खुबा आखडलेला असला की ते फिरत नाही, पण आपल्याला पाय तर आत घ्यायचाच असतो. मग पीळ पडतो गुडघ्यात आणि आतल्या बाजूची गादी चिमटते.

म्हणून पहिलं काम, बैठक उंच करा. गोधड्यांची घट्ट घडी घाला. मऊ उशी चालत नाही, ती दबते. घडीच्या पुढच्या कडेवर बसा. किती उंच? गुडघे खुब्याच्या पातळीला किंवा त्याखाली येतील इतकं. एका गोधडीने होत नसेल तर तीन घाला, लाजू नका. पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टे, ठोकळे, घोंगड्या आणि खुर्च्या आसनात आणल्या त्या काही शोभेसाठी नाही.

पाय लांब करा. उजव्या गुडघ्याच्या लवणीत पंच्याची गुंडाळी ठेवा, म्हणजे सांध्यात दाब कमी येतो. गुडघा वर छताकडे ठेवून टाच जवळ घ्या, दुखल्याशिवाय जितकी येईल तितकीच. आधी दुमडणं संपवा, मग फिरवणं. आता मांडी वरच्या बाजूला, खुब्याजवळ, दोन्ही हातांनी धरा आणि मुळापासून बाहेर फिरवा. पोटरी आपोआप मागे येते. बहुतेक लोक इथे पाऊल धरून ओढतात. पाऊल ओढलं की नडगी येते, मांडी जागेवरच राहते, आणि पिळाचं गणित पुन्हा गुडघ्यावर. घोटा लुळा सोडू नका, बोटं नडगीकडे ताणून ठेवा.

गुडघा अधांतरी राहिला तर खाली टॉवेलची घडी सरकवा. आधार मिळाला की जांघेचे स्नायू सैल पडतात आणि खुबा हळूहळू उघडतो. वरून हाताने दाबायचा नाही. कुणी मागून येऊन दाबायला लागलं तर सरळ हात धरा, मग तो शिक्षक का असेना. २१ जूनला, योग दिनी, मैदानात भद्रासनात (तळपाय जुळवून) बसून गुडघे फडफडवणारी मंडळी दिसतात. दुखऱ्या गुडघ्याने त्यात सामील होऊ नये.

ताण कुल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला किंवा जांघेत आतून जाणवला तर ठीक. गुडघ्यात जाणवला तर उठा, आणखी एक गोधडी घाला. जांघेत पुढून काही अडल्यासारखं टोचत असेल तर तिथेच थांबा. खुब्याच्या खोबणीची खोली आणि दिशा प्रत्येकाची निराळी असते. काहींना पद्मासन जन्मात येणार नाही, त्यात त्यांचा आळस नाही.

कंबर एका बाजूला तिरकी वाटते त्यांनी आधी सवय बघावी. भाकरी थापताना एक पाय मुडपलेला, दुसरा उभा. उन्हाळ्यात बिबडे-पापडाला बसलं की तासन्‌तास एकाच अंगावर भार. मांडीतही नेहमी तोच पाय पुढे. रोज पाय बदला, न आवडणाऱ्या बाजूला थोडा जास्त वेळ द्या. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या करण्याचा हट्ट नको. पायांच्या लांबीतच फरक आहे अशी शंका असेल तर तो डॉक्टरांकडून मोजून घ्या, आरशासमोर अंदाज बांधू नका.

उभ्या आसनांत वीरभद्रासनाला (पाय फाकवून एक गुडघा वाकवतात ते) पावलांतलं अंतर कमी ठेवा, वाकलेला गुडघा घोट्याच्या सरळ वर आणि पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने; तो आत पडायला लागला की संपलं. वृक्षासनात, म्हणजे एका पायावर उभं राहताना, दुसरं पाऊल गुडघ्याच्या बाजूला कधीही टेकवू नका, त्याच्या वर किंवा खाली टेकवा. ताडासनात, म्हणजे ताठ उभं राहताना, गुडघे मागे ढकलू नका. सेतुबंधासन (उताणे पडून, पाय दुमडून कंबर उचलणं) रोज करा, मांड्या-कुल्ले बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला किंवा जास्त दुखला तर कालचं जास्त झालं. दोन दिवस मांडी बंद, फक्त पडून करायचं.

उठताना मांडीतून झटक्यात उभं राहू नका. हाताने गुडघ्याखाली धरून एकेक पाय सरळ करा, थोडं थांबा, मग कुशीवर वळून, खुर्ची धरून, कमी दुखणाऱ्या पायावर जोर देत उठा.