बेभरवशाच्या जादुई वस्तू कॅम्पेनमध्ये कशा आणायच्या

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत गोष्ट रंगवायच्या खेळात वाँड ऑफ वंडर नावाची एक जादूची कांडी आहे. टार्गेट ठरवायचं, एक चार्ज (कांडीत साठलेल्या जादूचा एक वापर) खर्च करायचा आणि डी१०० (१ ते १०० आकडे देणारा फासा) टाकायचा. मग फायरबॉल सुटेल, नाहीतर सहाशे मोठाली फुलपाखरं उडायला लागतील, नाहीतर समोरच्याची कातडी निळीशार होऊन एक ते दहा दिवस तशीच राहील. कधीकधी तर जवळ एक हत्ती येऊन उभा राहतो आणि तो कुणाचंच ऐकत नाही! मला अशा वस्तू मनापासून आवडतात, कारण त्या क्षणी डीएमलाही (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) माहीत नसतं पुढे काय होणार, आणि टेबलावरचे सगळेजण फाशाकडे बघत बसलेले असतात. पण बरेच डीएम एकतर घाबरून अशी वस्तू देतच नाहीत, नाहीतर देतात आणि तिसऱ्या सेशनला ती बॅगेत पडून राहते. असं होऊ नये म्हणून काय करायचं ते सांगते. नियमांचे आकडे पाचव्या एडिशनचे (२०१४) आहेत, दुसरी सिस्टीम खेळत असाल तरी पद्धत तीच चालेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. काय होणार ते फासा ठरवेल, पण फासा टाकायचा की नाही हे प्लेअरनं ठरवायचं. वस्तूची जादू आपोआप कधीही सुटत असेल तर प्लेअरला ती शिक्षा वाटते, आणि त्यानं स्वतः "टाकतो मी" म्हणून टाकला तर वाईट निकालसुद्धा तो हसत घेतो. खालचं सगळं यावरच उभं आहे.

पायरी १: आधी ग्रुपला विचारा

सेशन झीरोमध्येच (खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत) विचारा, कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी एकच गोष्ट) चालू असेल तर पुढच्या सेशनआधी ग्रुपवर मेसेज टाका. "जादूमुळे तुमचं कॅरेक्टर कायमचं बदललं तर चालेल का?" "एकानं रोल केला आणि त्याचा फटका दुसऱ्याला बसला तर?" हे दोन प्रश्न पुरेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका, कारण खरी भांडणं तिथेच होतात. कांडी एकाच्या हातात असते पण फायरबॉलचे ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे) त्याच्या टप्प्यातल्या सगळ्यांना लागतात, म्हणजे सरासरी २८ डॅमेज, आणि पाचव्या लेव्हलच्या विझर्डला (जादूगाराला) एवढ्यात आडवं व्हायला वेळ लागत नाही. कुणाला नको असेल तर सोपा नियम करा: पार्टीतल्या (प्लेअर्सच्या टोळीतल्या) दुसऱ्या कुणाला फटका बसू शकत असेल तर रोलच्या आधी त्याला विचारायचं, तो नाही म्हणाला तर नाही.

पायरी २: तयार वस्तू आधी वाचून काढा

स्वतःची बनवायच्या आधी जुन्या वस्तू बघा. एसआरडी ५.१ हे नियमांचं पुस्तक जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सवर फुकट मिळतं आणि त्यात वाँड ऑफ वंडर, बॅग ऑफ बीन्स, डेक ऑफ मेनी थिंग्ज तिन्ही आहेत.

यातली बॅग ऑफ बीन्स नव्या डीएमसाठी बेस्ट. पिशवीत ३डी४ बिया असतात. एक बी मातीत पेरायची, पाणी घालायचं, मिनिटभरात काहीतरी उगवतं. कधी अळंबी, कधी पाण्याचा किंवा बिअरचा किंवा व्हिनेगरचा तीस फुटी फवारा, कधी आतमध्ये ममी लॉर्ड असलेला अख्खा पिरॅमिड. चांगलं काय आहे बघा, बी पेरायला वेळ लागतो आणि जागा निवडावी लागते, म्हणजे प्लेअर्सना थांबून विचार करायला मिळतो, कुठे पेरायची, गावाबाहेर की शत्रूच्या छावणीजवळ, पेरून पळायचं की बघत थांबायचं. शिवाय बिया मोजक्या असल्यामुळे वस्तू आपोआप संपते, डीएमला काढून घ्यावी लागत नाही.

पायरी ३: वस्तूला एक खात्रीचा उपयोग द्या

हे बऱ्याच होमब्रू (स्वतः बनवलेल्या) वस्तूंमध्ये नसतं आणि म्हणूनच त्या वापरल्या जात नाहीत. शंभर टक्के बेभरवशाची वस्तू लढाईत कुणी बाहेर काढत नाही, कारण तलवार लागली तर निदान डॅमेज तरी नक्की होतो. म्हणून एक छोटा फायदा कायमचा ठेवा जो रोल न करता मिळतो, आणि मोठा फायदा रोल करून.

उदाहरणासाठी आपण एक वस्तू बनवूया, बुडालेल्या जहाजातला पितळी कंदील. खात्रीचा उपयोग असा की तो तेलाशिवाय जळतो, पाण्याखालीही विझत नाही, तीस फुटांपर्यंत लख्ख उजेड देतो. एवढ्यासाठीसुद्धा पार्टी तो जवळ बाळगेल. आणि कुणी एक ॲक्शन (आपल्या पाळीतली कृती) खर्च करून वात वर केली की निकालांच्या टेबलवर (तक्त्यावर) रोल करायचा. दिवसाला जास्तीत जास्त दोनदा, पहाटे परत भरतो.

दिवसाला किती वेळा हा आकडा विचार करून ठरवा. वाइल्ड मॅजिक सॉर्सररचं (ज्याची जादू कधीकधी भरकटते अशा जादूगाराचं) बघा, तिथे स्पेल (मंत्र) टाकल्यावर डीएम डी२० टाकायला सांगू शकतो आणि १ आला तरच सर्ज होतो (जादू भरकटते), म्हणजे फक्त ५ टक्के, त्यामुळे कित्येक सेशन काहीच होत नाही आणि प्लेअर बिचारा वाट बघत राहतो. माझ्या मते सेशनमध्ये एक-दोनदा गंमत झाली पाहिजे, त्याच्या खाली गेलं की सगळे वस्तू विसरतात आणि फार वर गेलं की प्रत्येक लढाई त्या वस्तूचीच होते.

पायरी ४: फासे निवडा

डी१०० वर प्रत्येक आकडा यायची शक्यता सारखीच, १ टक्का. म्हणजे प्लेअरला वस्तूचा स्वभाव कधीच कळत नाही, आणि तुम्हाला चाळीस-पन्नास निकाल लिहून काढावे लागतात ज्यातले बहुतेक कॅम्पेन संपेपर्यंत येणारच नाहीत. मी तरी २डी६ घ्यायला सांगेन. ३६ जोड्यांपैकी ७ सहा वेळा येतो, २ आणि १२ प्रत्येकी एकदाच. ६, ७, ८ मिळून १६ जोड्या, साधारण ४४ टक्के. मधल्या आकड्यांवर वस्तूचं नेहमीचं काम ठेवा आणि टोकांना मोठे निकाल. तीन-चार वेळा वापरलं की प्लेअर म्हणायला लागतो "बहुतेक वेळा दार दाखवतो हा, पण एकदा आवाज गेला होता". इथून पुढे तो हिशोब करून धोका घेतो, आणि तेच तर आपल्याला हवंय.

पायरी ५: टेबल लिहा

आपल्या कंदिलाचं टेबल असं:

२ – साठ फुटांतला सगळा उजेड मिनिटभर विझतो, आणि अंधारातल्या जवळच्या एखाद्या जीवाला तुम्ही नेमके कुठे आहात ते कळतं.
३ – धरणाऱ्याची सावली सुटून निघून जाते. पहाटे परत येते आणि कुठे गेली होती ते एका वाक्यात सांगते.
४–५ – धरणाऱ्याचा आवाज तासभर जातो.
६–८ – साठ फुटांतले लपलेले दरवाजे, सापळे आणि अदृश्य प्राणी दहा मिनिटं दिसतात.
९–१० – वरचंच, पण तासभर, आणि पार्टीतले सगळे पाण्याखाली श्वास घेऊ शकतात.
११ – या जागी शेवटी मेलेला माणूस समोर उभा राहतो, एका प्रश्नाचं खरं उत्तर देतो.
१२ – तुम्ही जे शोधताय तिकडे ज्योत पहाटेपर्यंत वाट दाखवते. आणि ज्याच्याकडे ते आहे त्यालाही कळतं की तुम्ही येताय.

मोजून बघितलं तर ३६ पैकी २६ वेळा फायदा, १० वेळा अडचण. साधारण अडीचास एक हे प्रमाण मला बरोबर वाटतं.

आता नीट बघा, वाईट निकालांमध्ये "१० डॅमेज घ्या" असलं काही नाही. डॅमेज एका पोशनमध्ये भरून निघतो आणि सगळे विसरतात. आवाज गेला तर क्लेरिकला (देवाच्या जोरावर जादू करणाऱ्याला) बरेचसे स्पेल टाकता येत नाहीत, पहारेकऱ्याशी बोलायचं कसं हा प्रश्न येतो, मग कुणीतरी हातवारे करतं, कुणीतरी चिठ्ठी लिहितं आणि अर्धा तास धमाल चालते. तसंच १२ चा निकाल सगळ्यात चांगला आहे पण त्यालाही शेपूट आहे. प्रत्येक ओळ लिहिल्यावर स्वतःला विचारा की हे झालं तर पुढची दहा मिनिटं प्लेअर्स काय करतील. उत्तर "काही नाही" असेल तर ओळ खोडा. "एक जण तासभर नुसता बसून राहील" असेल तर ती आधी खोडा. खऱ्या आयुष्यातल्या माणसानं रविवार मोकळा काढलेला असतो, त्याला दगड करून बसवून ठेवणं बरोबर नाही. कॅरेक्टर दगड होणार असेलच तर सोडवायचा रस्ता त्याच सेशनमध्ये सापडला पाहिजे, किंवा तोपर्यंत त्याच्या हातात खेळायला दुसरं कॅरेक्टर पाहिजे.

पायरी ६: वस्तू हातात पडताना अर्धी माहिती द्या

आयडेंटिफाय स्पेल टाकला की नियमानुसार वस्तूचे गुण कळतात, त्यामुळे लपवाछपवी करू नका, फक्त टेबल वाचून दाखवायची गरज नाहीये. "वात वर केली की समुद्र उत्तर देतो, बहुतेक वेळा मदत करतो, कधीकधी काहीतरी मागतो." इतकं बस. वस्तूच्या आधीच्या मालकाची एखादी खूण पण ठेवा, म्हणजे कंदिलाशेजारी सापडलेल्या खलाशाच्या डायरीत शेवटची दोन पानं फक्त चित्रांची, कारण आवाज गेल्यावर तो चित्रं काढून बोलत होता. हुशार प्लेअर तिथेच ओळखतात.

पायरी ७: रोलच्या वेळी

फासे उघड टाका आणि प्लेअरलाच टाकू द्या. पडद्यामागे टाकलात तर वाईट निकाल तुम्ही ठरवून दिलाय असं वाटणारच. आकडा आला की लगेच नियम सांगू नका, आधी काय दिसतं ते सांगा, ज्योत हिरवी झाली, खारट वास आला, मग परिणाम. टेबल छापून हाताशी ठेवा, ऑनलाइन खेळत असाल तर उघडून ठेवा, कारण शोधाशोधीत दोन मिनिटं गेली की सगळी हवा जाते. आणि कोणता निकाल कधी आला ते लिहून ठेवा. सावली कुठे गेली होती याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागणार आहे, आणि तो पुढच्या ॲडव्हेंचरचा धागा तुम्हाला आयता मिळतो.

डेक ऑफ मेनी थिंग्ज द्यायचा असेल तर

हा पत्त्यांचा जोड १९७५ पासून गेममध्ये आहे आणि याच्याइतकी भीती दुसऱ्या कुठल्या वस्तूची नसेल. ७५ टक्के वेळा तो १३ पत्त्यांचा असतो, नाहीतर २२ चा. किती पत्ते काढणार ते आधी सांगायचं आणि मग मागे फिरता येत नाही. १३ मध्ये ६ सरळ वाईट आहेत, त्यामुळे तीन पत्ते काढले तर एकही वाईट न येण्याची शक्यता साधारण १५ टक्केच उरते. हे गणित प्लेअर्सना बिनधास्त सांगा, तरी काढतातच.

चांगले पत्तेसुद्धा कमी नाहीत. सन पत्त्यावर ५०,००० एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळतात, म्हणजे तिसऱ्या लेव्हलचं कॅरेक्टर एका झटक्यात नवव्या लेव्हलवर जातं आणि बाकीचे तिथेच राहतात, मग लढाई कुणाच्या मापाची ठेवायची? म्हणून डेक एकतर कॅम्पेनच्या शेवटाकडे आणा, नाहीतर असे पत्ते आधीच बदलून घ्या, एक्सपी पूर्ण पार्टीत वाटून द्या म्हणा.

तयारी आधी करायची ती इतकीच. रोग (Rogue, म्हणजे ठग) पत्ता आला तर कुठला एनपीसी (डीएम चालवतो ते पात्र) गुपचूप शत्रू होणार, तो आत्ताच ठरवा, आणि पार्टीचा लाडका असेल तर उत्तम. थ्रोन आला तर मिळणारा किल्ला नकाशावर कुठे आहे आणि त्यात सध्या कोण राक्षस बसलेत. व्हॉइडमध्ये आत्मा कुठल्या वस्तूत अडकतो, तिची राखण कोण करतं. फ्लेम्सला वैर धरणारा डेव्हिल कोण. स्कलमध्ये मृत्यूच्या अवताराशी एकट्यानं लढावं लागतं आणि मदतीला जो येईल त्याच्यासमोर वेगळा अवतार उभा राहतो, हे पत्ता काढायच्या आधी सगळ्यांना माहीत असू द्या, नाहीतर मित्राला वाचवायला धावलेला प्लेअर उगाच मरतो.

आणि डेक सेशनच्या शेवटच्या अर्ध्या तासातच उघडू द्या. पत्ते काढून झाले, आरडाओरडा झाला, घरी जा, पुढच्या सेशनपर्यंत नवीन किल्ला आणि नवीन शत्रू मांडायला तुमच्या हातात वेळ राहतो.

वस्तू जुनी झाल्यावर

सात-आठ वेळा वापरून झाल्यावर टेबलातला जो निकाल दोनदा आलाय तो बदला. कंदिलाचं ४–५ जुनं झालं तर आता आवाज जाण्याऐवजी धरणाऱ्याच्या तोंडून बुडालेल्या कॅप्टनचा आवाज येऊ दे. प्लेअर्सना आधी सांगा की कंदील बदलतोय, ज्योतीचा रंग वेगळा दिसतोय, म्हणजे धोका परत नव्यानं तोलता येईल.

संपवायचा मार्गही वस्तूतच ठेवा. वाँड ऑफ वंडरचा शेवटचा चार्ज वापरला की डी२० टाकतात आणि १ आला तर कांडीची राख होते, त्यामुळे सातवा चार्ज वापरायचा का यावर पार्टीत दरवेळी चर्चा होते. आपल्या कंदिलासाठी मी असं ठेवीन की २ तिसऱ्यांदा आला की ज्योत कायमची विझते, आणि जहाज बुडालं त्या जागी कंदील पाण्यात परत सोडला तर समुद्र धरणाऱ्याचं एक देणं लागतो. ते देणं कधी मागायचं हे प्लेअरनं ठरवायचं, तुम्ही फक्त नोंदवहीत लिहून ठेवा.