दृष्टिहीन विद्यार्थ्यांना ऑनलाइन संगीत कसे शिकवावे

ज्या अ‍ॅपवर वर्ग घ्यायचा, ते शिक्षकाने आधी स्वतः डोळे मिटून चालवून पाहावे. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर, म्हणजे फोनवर टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर आणि विंडोज संगणकावर मोफत मिळणारे एनव्हीडीए, सुरू करून माउसला हात न लावता वर्गात शिरणे आणि माइक चालू-बंद करणे एवढे जमते का, ते तपासावे. ज्या चिन्हाला नाव दिलेले नसते, तिथे स्क्रीन रीडर नुसते ‘बटण’ म्हणून पुढे जातो.

मग आवाजाकडे वळावे. गोंगाट गाळणारी यंत्रणा लांबवलेल्या स्वरालाही गोंगाट समजून कापते. म्हणून झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ सुरू ठेवावा. गाणे चालू असताना चॅटमध्ये कोणीही लिहू नये, कारण प्रत्येक संदेश विद्यार्थ्याच्या कानात मोठ्याने वाचला जातो आणि नेमकी तीच तान निसटते.

स्वरलेखनाला सर्वाधिक वेळ द्यावा. स्कॅन केलेले पान म्हणजे स्क्रीन रीडरच्या लेखी केवळ चित्र, त्यामुळे मजकूर टाइप केलेलाच हवा. मात्र मंद्र-तार सप्तकांचे बिंदू आणि कोमल स्वराखालची रेघ बहुधा वाचली जात नाही, तेव्हा ‘मंद्र नी’, ‘कोमल ग’ असे शब्दांतच लिहावे. पाश्चात्त्य स्वरलेखन म्यूझिकएक्सएमएल या संगणकाला वाचता येणाऱ्या फाइलच्या स्वरूपात पाठवल्यास त्याचे ब्रेलमध्ये रूपांतर करता येते. ब्रेल संगीतलिपीत एकाच सहा बिंदूंच्या चौकटीत वरचे चार बिंदू स्वर आणि खालचे दोन त्याचा काळ सांगतात. ती बोटांनी वाचावी लागत असल्याने वाचणारा हात त्या वेळी वाजवू शकत नाही. विद्यार्थी थोडा थोडा भाग पाठ करत जातो. म्हणूनच साहित्य वर्गाच्या काही दिवस आधी पोहोचले पाहिजे. आयत्या वेळी पाठवलेले पान न पाठवल्यासारखेच.

प्रत्यक्ष शिकवताना ‘बोट इथे ठेवा’ हे वाक्य टाळावे. ‘दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीलगत डावीकडे जी पांढरी पट्टी आहे, तिच्यावर उजवा अंगठा ठेवा’ असे सांगितले की हात बरोबर जागी जातो. (डोळस विद्यार्थ्यांनाही हे अधिक नीट कळते.) इंटरनेटवर आवाज उशिरा पोहोचत असल्याने दोघांनी एकत्र गाऊ नये; आळीपाळीने गावे आणि मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत ठोके देणारे साधन) विद्यार्थ्याच्या बाजूला चालवावा.

वर्गानंतर तासभराचे सलग रेकॉर्डिंग देण्याऐवजी एका ओळीची एक याप्रमाणे छोट्या ध्वनिफिती द्याव्यात आणि ‘अंतरा, दुसरी ओळ, संथ लय’ अशी त्यांना नावे द्यावीत.