‘आम्ही चालणारी माणसं’

मुलाला ‘ऊठ, जरा खेळ’ म्हटलं की ते सोफ्यात आणखी रुततं. त्यापेक्षा घरालाच एक ओळख द्या: ‘आम्ही चालणारी माणसं.’ जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगते. ती सगळी एका दमात व्हायला हवी असं नाही.

आमचा रविवार ठरलेला. जुन्या गोव्याहून फेरीबोटीनं दिवाडी बेट, आणि पलीकडे उतरलं की पायी. शेतातल्या सरळ रस्त्यावर बगळे मोजायचे, पियेदाद गावाच्या चढावर पुढे कोण ते धाकटी ठरवते. (बाबा नेहमी मागे.) वाट मुलांनाच निवडू द्या, पाण्याची बाटलीही त्यांच्याच खांद्यावर.

पावसात? ओसरीवर फुगडी. चवथीची वाट कशाला बघायची? आजी दोन गिरक्या घेऊन बसते, पण ताल तीच धरते.

पाहुण्यांसमोर ‘आमचा आळशी आहे हो’ हे मात्र आजपासून बंद. मुलं तीही ओळख लगेच उचलतात. आणि पाव आणायला कोपऱ्यावर जाताना स्कूटरची किल्ली तुम्हीही खुंटीलाच ठेवा.