अग्निवीर भरती: फॉर्म भरतानाच कामाचा विचार करा

सैन्यात काय काम मिळणार, हे निवड झाल्यावर ठरेल असं बरीच मुलं धरून चालतात. खरं तर त्यातला मोठा भाग अर्ज भरताना तुम्ही निवडलेल्या कामाच्या प्रवर्गातच (जनरल ड्युटी, क्लार्क, टेक्निकल वगैरे) ठरून जातो. जनरल ड्युटीला (जीडी, म्हणजे सर्वसाधारण सैनिकाचं काम) दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ पुरतात. क्लार्क किंवा स्टोअरकीपरला मात्र बारावीत ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५० लागतात, शिवाय टायपिंगची चाचणीही असते. टेक्निकलकडे बारावी सायन्सवाल्यांनी जरूर पाहावं. २०२५ पासून एकाच वेळी दोन प्रवर्गांत अर्ज करता येतो. ही सोय वाया घालवू नका. बारावी झालेली मुलंसुद्धा 'सगळे जीडीच भरतात' म्हणून तिथंच थांबतात, आणि गर्दीही तिथंच जास्त!

पुढची वाटणी गुणवत्ता, रिक्त जागा आणि वैद्यकीय तपासणी यांवर चालते. अग्निवीराला कुठल्याही रेजिमेंटमध्ये पाठवता येतं. त्यामुळे बेळगावचं मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र मनात असलं, तरी तेच मिळेल असं नाही. तोफखान्यात गेलात तर ड्रायव्हर, गनर की ऑपरेटर, हे प्रशिक्षण केंद्रात ठरतं.

धावण्याचे गुणही गुणवत्ता यादीत मोजले जातात. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत आलात, तर पूर्ण ६०.

'हवी ती रेजिमेंट मिळवून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.